‘सेल्फ’चा लपंडाव

गुलटेकडीच्या मार्केट यार्डात पहाटे जी भाजी उतरते, तिचा प्रवास आदल्या रात्री कोठून सुरू होतो, याचा विचार पुण्यातील ग्राहक क्वचितच करतो. शिरूर आणि दौंड हे जिल्ह्याच्या पूर्वेकडील दोन तालुके या साखळीतील महत्त्वाचे दुवे आहेत. एक पुणे-अहिल्यानगर रस्त्यावरचा, घोड नदीकाठचा. दुसरा भीमेकाठचा, पुणे-सोलापूर रस्त्यालगतचा आणि रेल्वेच्या जंक्शनमुळे देशभर ठाऊक असलेला. न्हावरे, पारगाव, केडगाव, चौफुला अशी गावे जोडणारा रस्ता या दोघांना एकत्र बांधतो. कांदा, पालेभाज्या, फुले, दूध, दौंडच्या गुऱ्हाळांतला गूळ, रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत जाणारे सुटे भाग, हे सारे या रस्त्यांवरून वाहून नेणारे वाहन म्हणजे पिकअप. ट्रकपेक्षा लहान, शेताच्या बांधापर्यंत जाऊ शकणारी, एका कुटुंबाच्या कर्जावर घेतलेली आणि बहुधा त्याच कुटुंबातील कोणीतरी चालवत असलेली ही डिझेल गाडी ग्रामीण अर्थव्यवस्थेचा कणा आहे, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होणार नाही.

या गाडीला एक विचित्र व्याधी जडते. सकाळी किल्ली फिरवली की इंजिन झटकन सुरू होते. दुपारी डिझेल भरण्यासाठी थांबल्यावर किल्ली फिरवली, तर नुसती ‘टक्’. पुन्हा फिरवली, पुन्हा ‘टक्’. पाचव्यांदा फिरवली आणि काहीच झाले नव्हते अशा थाटात इंजिन धडधडू लागते. गाडी गॅरेजमध्ये नेली, तर मिस्त्रीसमोर ती दहा वेळा बिनबोभाट सुरू होते. मिस्त्री म्हणतो, “काही नाही, बॅटरी बदला.” बॅटरी बदलली जाते. आठवडा बरा जातो आणि मग एखाद्या रात्री, मागे कोथिंबिरीच्या जुड्या भरलेल्या असताना, पुन्हा तीच ‘टक्’.

कायमचा बिघाड परवडतो, कारण तो सापडतो. अधूनमधून होणारा बिघाड मात्र मालकाच्या खिशाला आणि मनाला दोन्हीकडून कुरतडतो. गाडी पुन्हा सुरू होईल की नाही या धास्तीने अनेक चालक माल चढवताना-उतरवतानाही इंजिन बंद करत नाहीत. अशा रीतीने जागेवर चालणारे इंजिन तासाला साधारण अर्धा ते एक लिटर डिझेल पिते. काही जण उतार बघून गाडी लावायची सवय लावून घेतात. भीमेच्या सपाट काळ्या रानात उतार शोधणे हेही एक कौशल्यच आहे. आणि मार्केट यार्डात तर उतार नाही, जागाही नाही.

या व्याधीचे निदान खरे तर अवघड नाही. अट एवढीच, की अंदाज बाजूला ठेवून मोजमाप हाती घ्यावे लागते. त्यासाठी आधी हा ‘सेल्फ’ काय करतो ते समजून घेतले पाहिजे.

‘सेल्फ’ म्हणजे काय?

गॅरेजच्या बोलीत ‘सेल्फ’ म्हणजे इंजिनाला सुरुवातीचा फेरा देणारी विजेची मोटर. ‘सेल्फ स्टार्टर’ यातील दुसरा शब्द गळून गेला आणि पहिला उरला. अमेरिकेत चार्ल्स केटरिंग यांनी विकसित केलेला विजेचा स्टार्टर १९१२ च्या कॅडिलॅक मोटारीत प्रथम बसवला गेला. त्यापूर्वी इंजिन हाताने, हँडल फिरवून सुरू करावे लागे आणि उलटा झटका बसून मनगट मोडल्याच्या घटना सर्रास घडत. आपल्याकडे हे हँडल फार उशिरापर्यंत टिकले. विहिरीवरचे किर्लोस्कर ऑइल इंजिन हँडल मारून सुरू करणारी पिढी शिरूर-दौंडच्या वाड्यावस्त्यांवर आजही आहे. त्या इंजिनाला वर एक लहानशी दांडी असे. ती उचलली की सिलिंडरमधील हवेचा दाब सुटे, चाकाला वेग आला की ती खाली पाडायची आणि इंजिन ‘ठुक ठुक’ करू लागे.

ती दांडी का लागे, यातच डिझेलचे मर्म आहे. पेट्रोल इंजिनात ठिणगी पडते; डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा इतकी दाबली जाते की ती स्वतःच तापून डिझेल पेटवते. हा दाब पेट्रोल इंजिनाच्या जवळजवळ दुप्पट असतो. साहजिकच ते फिरवायला ताकदही जास्त लागते आणि ते पुरेशा वेगाने फिरवावे लागते. मिनिटाला शे-दीडशे फेऱ्यांच्या खाली वेग गेला, तर हवा तापते पण सिलिंडरच्या थंड भिंतींना उष्णता देऊन बसते आणि डिझेल पेटत नाही. म्हणून डिझेल पिकअपचा सेल्फ दणकट असतो आणि त्याला वीजही तशीच लागते. इंजिन फिरत असताना सुमारे २०० अँपिअर, आणि पहिल्या क्षणी, मोटर स्थिर असताना, त्याच्या कित्येक पट.

हा आकडा लक्षात ठेवावा, कारण पुढचे बरेचसे कोडे त्यातच दडलेले आहे. हेडलाइटचा ६० वॉटचा दिवा फक्त ५ अँपिअर घेतो. आता समजा, बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरा-हिरवा क्षार साचून तिथे एका ओहमच्या शंभराव्या हिश्शाइतका अडथळा निर्माण झाला. ५ अँपिअरला त्या अडथळ्यावर ०.०५ व्होल्ट खर्च होतात; दिव्याला ते कळतही नाही. २०० अँपिअरला मात्र त्याच जागी २ व्होल्ट गळतात. बॅटरी १२ व्होल्टची, ताण आल्यावर ती स्वतःच दहा-साडेदहावर येते, त्यातून आणखी २ वजा केले की सेल्फच्या हाती काय उरले? “हॉर्न वाजतोय, लाइट लागतायत, म्हणजे बॅटरी आणि वायरिंग ठीक आहे,” हा चौकाचौकांत ऐकू येणारा निष्कर्ष म्हणूनच फसवा आहे. हॉर्न आणि लाइट ही सेल्फची परीक्षा नव्हेच.

तांब्याचा एक चमचाभर तुकडा

सेल्फच्या पाठीवर एक लहान नळकांडे बसवलेले असते. त्याला सोलेनॉइड म्हणतात. किल्ली फिरवल्यावर जी ‘टक्’ ऐकू येते ती याची. किल्लीतून येणारी वीज थोडी असते. ती थेट मोटर फिरवू शकत नाही. ती सोलेनॉइडमधील गुंडाळीत जाते, गुंडाळीचे चुंबक बनते, चुंबक आतला लोखंडी दट्ट्या ओढतो आणि हा दट्ट्या एकाच वेळी दोन कामे करतो. एका टोकाने तो दातेरी चाक पुढे ढकलून इंजिनाच्या फ्लायव्हीलच्या रिंगमध्ये अडकवतो; दुसऱ्या टोकाने तांब्याची एक चकती दोन जाड संपर्कांवर दाबून बॅटरीची पूर्ण वीज मोटरला जोडतो. (हे दातेरी चाक आणि त्याचा क्लच यांना आपले मिस्त्री ‘बेंडिक्स’ म्हणतात. व्हिन्सेंट बेंडिक्स या अमेरिकी संशोधकाचे ते नाव. त्यांची मूळ रचना आजच्या पिकअपमध्ये नसते, पण नाव मात्र जिल्ह्यातल्या प्रत्येक गॅरेजमध्ये टिकून आहे.)

लपंडावाचे सर्वांत नेहमीचे कारण या तांब्याच्या चकतीत असते. प्रत्येक वेळी सेल्फ मारला की संपर्क जुळताना आणि सुटताना तिथे ठिणगी उडते. हजारो ठिणग्यांनंतर तांबे खड्डे पडून काळे होते. चकती मात्र आपल्या आसाभोवती किंचित फिरत राहते. या खेपेला तिचा चांगला भाग संपर्कांवर आला तर गाडी सुरू; जळका भाग आला तर नुसती ‘टक्’. पुन्हा किल्ली फिरवली, चकती थोडी सरकली, चांगला भाग आला, गाडी सुरू. मिस्त्रीसमोर दहा वेळा चांगला भाग येणे आणि रात्री दहा वाजता रस्त्यात जळका भाग येणे, यात गाडीचा खोडसाळपणा नाही. ही शुद्ध सोडत आहे. फक्त दिवसेंदिवस तिच्यातील वाईट चिठ्ठ्यांची संख्या वाढत जाते.

दुसरे नेहमीचे कारण म्हणजे कार्बन, अर्थात मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोहोचवणारे ब्रश. ते झिजून आखूड झाले की स्प्रिंगचा दाब कमी पडतो आणि ते आपल्या खोबणीत अडकून राहतात. मोटर कोणत्या ठिकाणी थांबली आहे यावर ते टेकतात किंवा टेकत नाहीत. चालक गाडीखाली वाकून पान्याने सेल्फच्या अंगावर दोन ठोके मारतो आणि गाडी सुरू होते, हा प्रकार ज्यांनी पाहिला असेल त्यांना त्यामागचे कारण आता कळेल. ठोक्याने अडकलेला कार्बन निसटून जागेवर बसतो. ठोका हा उपचार नव्हे. पण तो उत्तम निदान आहे. ठोक्याने सुरू होणारा सेल्फ कार्बन किंवा संपर्क मागत असतो, बॅटरी नव्हे.

उन्हाळ्यात यात आणखी एक भर पडते. दौंड-शिरूर पट्ट्यात एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीच्या घरात असतो. लांबचा पल्ला मारून आलेली गाडी थांबली की इंजिनावरून वाहणारा वारा बंद होतो आणि पुढची दहा-वीस मिनिटे इंजिनाची उष्णता त्याला चिकटून बसलेल्या सेल्फमध्ये मुरत राहते. तांबे तापले की त्याचा विद्युतविरोध अंशाला सुमारे ०.४ टक्क्याने वाढतो. म्हणजे ६० अंशांची वाढ झाली तर जवळजवळ चौथा हिस्सा. सोलेनॉइडची गुंडाळी तितकी कमी ताकदीने ओढते. नव्या सेल्फला हे जाणवत नाही. ज्याचे संपर्क आणि कार्बन आधीच काठावर आहेत त्याला ते पुरते. चौफुला म्हटले की शहरी वाचकाला लावणीची कलाकेंद्रे आठवतात. पिकअपवाल्याला मात्र चहासाठी थांबून गाडी पुन्हा सुरू न होण्याची जागा म्हणूनही ते आठवू शकते. चहा पिऊन होईपर्यंत सेल्फ सर्वांत तापलेला असतो. आणखी अर्धा तास थांबले तर तो निवतो आणि निमूट काम करतो, ज्यामुळे चालकाचा गोंधळ अधिकच वाढतो.

दूधवाल्यांची गाडी आणि मालट्रक

सेल्फचे आयुष्य किलोमीटरमध्ये मोजण्याची सवय चुकीची आहे. ते किल्लीच्या फेऱ्यांत मोजले पाहिजे. पुण्याहून सोलापूरला जाणारा ट्रक दिवसात चार-पाच वेळा सुरू होत असेल. गावोगाव थांबून कॅन गोळा करणारी दुधाची पिकअप प्रत्येक थांब्यावर इंजिन बंद करते, तर सकाळ-संध्याकाळ मिळून तीस-चाळीस वेळा. म्हणजे एका वर्षात ती दहा हजारांहून अधिक वेळा सेल्फ मारते. ट्रकला तेवढ्यासाठी पाच-सहा वर्षे लागतील. शिवाय दोन थांब्यांमधले अंतर इतके कमी की सेल्फने बॅटरीतून काढलेली वीज अल्टरनेटर पुरती भरून देऊ शकत नाही. अशा गाडीच्या मालकाने कार्बन आणि संपर्क हे टायरसारखेच झिजणारे भाग समजावेत. ते वेळीच बदलण्याचा खर्च पूर्ण सेल्फ बदलण्याच्या खर्चाच्या मानाने किरकोळ असतो.

धूळ आणि चिखलाचाही यात वाटा आहे. सेल्फ इंजिनाच्या खालच्या बाजूला असतो. उसाच्या रानातून, कालव्याच्या कडेने जाणाऱ्या गाडीच्या सेल्फवर चिखलाचे थर चढतात, पावसाळ्यात पाणी आत जाते, आणि मग गाडी धुताना पाण्याचा जोरदार फवारा नेमका त्यावरच मारला जातो. इंजिन आणि चासी यांना जोडणारी अर्थची पट्टी याच चिखलात कुजते. सर्वांत दुर्लक्षित भाग तोच. लाल वायरकडे सगळे पाहतात. जितकी वीज लाल वायरमधून जाते तितकीच परतही यावी लागते, हे विसरले जाते. त्यात गाडी रंगवून घेताना अर्थच्या बोल्टखाली रंगाचा थर बसला की झाले.

निदान : आधी कान, मग डोळे, मग मीटर

पहिला प्रश्न विचारायचा तो हा, की इंजिन फिरते आहे काय? इंजिन चांगल्या वेगाने फिरते आणि तरी सुरू होत नाही, तर दोष सेल्फचा नव्हेच. डिझेलमध्ये हवा शिरली असेल, फिल्टर तुंबला असेल, थंडीत हीटर प्लग तापत नसतील किंवा डिझेल बंद-चालू करणारा कॉइल काम करत नसेल. या गोष्टीची शहानिशा न करता सेल्फ उतरवणारे महाभाग काही कमी नाहीत.

इंजिन फिरत नसेल, तर रात्रीची एक सोपी चाचणी आहे. हेडलाइट लावून किल्ली फिरवावी आणि समोरच्या भिंतीवरील प्रकाश पाहावा. प्रकाश एकदम मंदावला, तर बॅटरी उतरली आहे, टर्मिनल खराब आहे किंवा मोटर आतून जखडली आहे. ‘टक्’ झाली पण प्रकाश जसाच्या तसा राहिला, तर वीज मोटरपर्यंत पोहोचतच नाही. म्हणजे संपर्क किंवा कार्बन. आवाजही नाही आणि प्रकाशही तसाच, तर किल्लीचा स्विच, रिले, फ्यूज, काही गाड्यांत क्लचखालचा स्विच किंवा चोरीविरोधी यंत्रणा यांकडे पाहावे. ‘टकटकटकटक’ असा सलग आवाज बहुतेक वेळा अशक्त बॅटरीचा असतो. संपर्क जुळताच व्होल्टेज पडते, दट्ट्या सुटतो, व्होल्टेज वर येते, दट्ट्या पुन्हा ओढला जातो. आणि ‘घर्रर्र’ असा दातांचा आवाज येत असेल, तर बेंडिक्स किंवा फ्लायव्हीलची रिंग. चार सिलिंडरचे इंजिन बंद होताना ठराविक दोनच जागी थांबण्याकडे त्याचा कल असतो, त्यामुळे रिंगचे दातही त्याच दोन जागी झिजतात. किल्ली काढून, गाडी गिअरमध्ये टाकून थोडी हलवली की दात पुढे सरकतात आणि गाडी सुरू होते. पान्याच्या ठोक्याने सुरू होणारी गाडी आणि हलवल्याने सुरू होणारी गाडी यांचे आजार वेगवेगळे आहेत; तपासणाऱ्या मिस्त्रीला हे सांगितले, तर त्याचा अर्धा दिवस वाचतो.

त्यानंतर मीटर. साधा डिजिटल मल्टिमीटर काहीशे रुपयांत मिळतो आणि तो एका चुकीच्या बॅटरीखरेदीची किंमत वाचवतो. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीच्या निरोगी बॅटरीवर १२.६ व्होल्टच्या आसपास दिसले पाहिजेत; १२.२ म्हणजे बॅटरी जवळपास अर्धी रिकामी. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४ दिसले, तर अल्टरनेटर ठीक. सेल्फ मारताना बॅटरीच्या दोन टोकांवर ९.६ च्या खाली जाता कामा नये. तरी खरी मोजणी याच्या पुढची आहे. मीटरचे एक टोक बॅटरीच्या धन खांबावर, थेट शिशाच्या खांबावर, आणि दुसरे सेल्फवरील जाड वायरच्या बोल्टवर ठेवून सेल्फ मारायचा. मीटर जो आकडा दाखवेल तितके व्होल्ट वाटेत गळत आहेत. अर्ध्या व्होल्टपर्यंत चालेल. तसेच ऋण खांब आणि सेल्फचे लोखंडी अंग यांच्यामध्ये मोजायचे. तिथे पाव व्होल्टहून अधिक दिसले तर अर्थची पट्टी काढून, घासून, घट्ट बसवायची. शेवटी सोलेनॉइडच्या दोन जाड बोल्टांमध्ये. ‘टक्’ झाल्यावरही तिथे सुमारे १२ व्होल्ट दिसत राहिले, तर संपर्क जुळलेलेच नाहीत.

पण गाडी मीटर लावल्यावरच शहाण्यासारखी वागते, त्याचे काय? यावर एक जुनी आणि अत्यंत परिणामकारक युक्ती आहे, जी आता फारशी वापरली जात नाही. दोन लहान दिवे डॅशबोर्डवर बसवावेत. एकाची वायर सोलेनॉइडच्या बारीक टर्मिनलला, जिथे किल्लीकडून वीज येते. दुसऱ्याची सोलेनॉइडकडून मोटरकडे जाणाऱ्या जाड बोल्टला. दोन्ही वायरींत फ्यूज हवाच, अन्यथा घासलेली वायर आग लावेल. मग गाडी नेहमीसारखी वापरावी आणि बिघाडाची वाट पाहावी. ज्या क्षणी गाडी सुरू होणार नाही, त्या क्षणी चालकाने फक्त दिवे पाहायचे. दोन्ही विझलेले असतील, तर दोष किल्लीपासून सोलेनॉइडपर्यंतच्या वाटेत. पहिला लागला आणि दुसरा नाही, तर सोलेनॉइडचे संपर्क. दोन्ही लख्ख लागले तरी मोटर गप्प, तर कार्बन किंवा आर्मेचर. मात्र अर्थची पट्टी आधीच तपासून घेतलेली हवी. दोन्ही मिणमिणते लागले, तर बॅटरी आणि टर्मिनल. वीस-तीस रुपयांचे दिवे महिनाभर लावून ठेवले, तर जे तीन गॅरेजना सापडले नाही ते रस्त्यावर उभ्या चालकाला सापडू शकते.

यात एक बारकावा आहे. सोलेनॉइडमध्ये दोन गुंडाळ्या असतात, एक दट्ट्या ओढणारी आणि एक तो धरून ठेवणारी. ओढणाऱ्या गुंडाळीची वीज मोटरमधूनच जमिनीला मिळते. त्यामुळे कार्बन पूर्ण सुटले असतील तर मोटर तर फिरत नाहीच, पण दट्ट्याही धड ओढला जात नाही आणि ‘टक्’ही ऐकू येत नाही. “आवाज नाही म्हणजे किल्लीचा स्विच गेला,” असे म्हणून स्विच बदलणारे इथेच फसतात. दोन दिव्यांची युक्ती या बाबतीतही फसवत नाही, कारण अशा वेळी दोन्ही दिवे लागलेले दिसतात.

दुरुस्तीनंतरही एक दक्षता घ्यावी. दुरुस्त केलेला सेल्फ गॅरेजच्या बाकावर दोन वायरी लावून ‘घूंऽऽ’ करून फिरवून दाखवला जातो. बिनओझ्याचा सेल्फ अर्धमेल्या कार्बनवरही फिरतो. त्याची परीक्षा इंजिनावर, तेही गरम इंजिनावर, दहा-बारा वेळा घ्यावी. सलग दहा-पंधरा सेकंदांहून अधिक वेळ मात्र सेल्फ मारू नये. दोन प्रयत्नांमध्ये अर्धा-एक मिनिट त्याला निवू द्यावे.

जिवावरचे उपाय

आता त्या उपायांविषयी, जे रस्त्यावर सर्रास केले जातात आणि ज्यांपायी माणसे जायबंदी होतात. पहिला, गाडीखाली शिरून स्क्रूड्रायव्हरने सोलेनॉइडचे बोल्ट एकमेकांना जोडणे. याने किल्लीचा स्विच, क्लचचा स्विच, सारे टाळून सेल्फ थेट फिरतो. गाडी गिअरमध्ये राहिली असेल तर ती त्याच क्षणी पुढे सरकते, आणि चाकापुढे कोण असतो? स्क्रूड्रायव्हर धरलेला माणूस. जुन्या डिझेल गाड्यांत, जिथे इंजिन बंद करायला केबल ओढावी लागते, तिथे किल्ली खिशात असली तरी इंजिन सुरू होऊन गाडी चालू लागेल. हे करणे अगदीच भाग पडले, तर गिअर न्यूट्रलमध्ये आहे हे स्वतःच्या हाताने पाहावे, हँडब्रेक ओढावा, चाकांना दगड लावावेत आणि चाकांच्या रेषेबाहेर राहावे. प्रस्तुत लेखकाच्या मते ते करूच नये.

दुसरा, धक्का स्टार्ट. यांत्रिक पंपाच्या जुन्या गाड्या धक्क्याने सहज सुरू होत. इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाच्या आजच्या गाड्यांत बॅटरी पूर्ण उतरली असेल, तर कितीही ढकलले तरी इंजिन सुरू होणार नाही, कारण डिझेल किती आणि केव्हा सोडायचे हे ठरवणारा संगणकच झोपलेला असतो. बॅटरी चांगली आणि फक्त सेल्फ बिघडलेला असेल, तर धक्क्याचा उपयोग होतो. पण उतारावर बंद इंजिनाने गाडी सोडताना एक गोष्ट विसरता कामा नये. इंजिन बंद असताना ब्रेकला मिळणारे साहाय्य एक-दोन दाबांतच संपते आणि स्टिअरिंगही जड होते. दीड टन कांदा भरलेली पिकअप उतारावरून निघाली, इंजिन पेटले नाही आणि ब्रेक दगडासारखा लागला, तर पुढे जे कोणी असेल त्याचे भवितव्य दैवाच्या हाती. मागून ढकलणाऱ्यांनाही गाडी मागे घसरल्यास पळायला जागा लागते.

तिसरा, दुसऱ्या गाडीची बॅटरी जोडणे. हा त्यातल्या त्यात सुरक्षित, पण क्रम पाळला तरच. आधी धनाला धन. मग चांगल्या बॅटरीच्या ऋणाची केबल बंद पडलेल्या गाडीच्या इंजिनाच्या उघड्या लोखंडाला, बॅटरीपासून दूर जोडायची. कारण चार्ज होणारी बॅटरी हायड्रोजन सोडते आणि शेवटच्या जोडणीला ठिणगी उडतेच. मदतीला ट्रॅक्टर आला तर बहुधा अडचण नाही, तो १२ व्होल्टचा असतो. मोठ्या ट्रकची यंत्रणा मात्र २४ व्होल्टची असते. ती पिकअपला जोडली, तर सेल्फचा प्रश्न सुटण्याऐवजी गाडीतील संगणकासह सारे विद्युत भाग जळून जाण्याची शक्यता अधिक. महामार्गावर रात्री मदतीला थांबणारे वाहन बहुतेक वेळा मोठा ट्रकच असतो, म्हणून हे मुद्दाम नोंदवायचे.

एक उलट प्रकारही घडतो, जो कमी आढळतो पण अधिक घातक असतो. किल्ली सोडली तरी सेल्फ सुटत नाही. संपर्क एकमेकांना चिकटून बसतात. इंजिन सुरू होऊनही मोटर फिरतच राहते, जळका वास येतो, केबल तापते. किल्ली बंद करून उपयोग नसतो, कारण वीज किल्लीतून येतच नसते. अशा वेळी बॅटरीची ऋण केबल तात्काळ सोडवणे हा एकच मार्ग आहे, आणि त्यासाठी त्या नटाला बसणारा पाना आसनाखाली, हाताला लागेल अशा जागी असावा लागतो. बहुतेक पिकअपमध्ये दहा नंबरचा पाना पुरतो. आपल्या गाडीला कोणता लागतो, ते दिवसाउजेडी एकदा बसवून पाहून ठेवावे.